मासिक चक्राची लय मेंदूच्या हाती

घरातील मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर त्याची चर्चा आधी स्वयंपाकघरात होते आणि तीही दबक्या आवाजात. आजी एखादा काढा सुचवते, काकू "लग्नाआधी माझेही असेच होत असे" म्हणून धीर देते आणि विषय तेथेच मिटतो. हीच गोष्ट सुनेच्या बाबतीत घडली आणि लग्नाला तीन-चार वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, तर मात्र बोलण्याचा सूर बदलतो. 'हिच्यातच काहीतरी कमी आहे' हा निष्कर्ष तपासणीच्या आधीच निघतो. दोन्ही प्रसंगांमागे एकच समजूत असते. पाळीचा संबंध केवळ गर्भाशयाशी आणि अंडाशयाशी आहे, तेव्हा बिघाड असलाच तर तो तेथेच असणार, असे सर्वांना वाटते.

वैद्यकशास्त्राने ही समजूत गेल्या शतकातच अपुरी ठरवली आहे. दर महिन्याच्या या चक्राचा पहिला हुकूम मेंदूतून सुटतो. तो हुकूम सोडण्यापूर्वी मेंदू शरीराचा जमाखर्च पाहतो. पोटात पुरेसे अन्न पडते आहे का, अंगावर थोडीफार शिल्लक आहे का, झोप लागते आहे का, जीव ताणाखाली तर नाही ना, अशा अनेक नोंदी त्याच्याकडे येत असतात. हे कामकाज कसे चालते हे घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांना ठाऊक असले, तर मुलीकडे दुर्लक्ष होणार नाही आणि सुनेवर अन्यायही होणार नाही.

मुख्य पेढी, विभागीय कचेरी आणि शाखा

व्यापारी घरातील माणसाला ही व्यवस्था समजणे अवघड नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. त्याचे वजन अवघे चार ग्रॅमच्या आसपास भरते. ही झाली मुख्य पेढी. तिच्या खाली, नाकाच्या मुळामागे हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी बसलेली असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. ही विभागीय कचेरी. आणि ओटीपोटातील दोन अंडाशय म्हणजे प्रत्यक्ष व्यवहार करणाऱ्या शाखा.

मुख्य पेढीतून जीएनआरएच नावाचे संप्रेरक निघते. ते निर्माण करणाऱ्या पेशी संपूर्ण मेंदूत हजार-दोन हजारांच्या आसपासच असतात. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ही संख्या नगण्य वाटेल, परंतु वंशसातत्याचा सारा भार त्यांच्यावर आहे. हे संप्रेरक सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून थेट पीयूषिकेत उतरते. तो निरोप मिळताच पीयूषिका एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एफएसएच अंडाशयातील स्त्रीबीज वाढीला लावते. एलएच ते पक्व झाल्यावर बाहेर काढते. अंडाशय आपल्या बाजूने इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तयार करून गर्भाशयाचे अस्तर सजवतो. शिवाय हीच दोन संप्रेरके रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचून शाखेतील कामाचा रोजचा अहवाल देतात. अहवाल पाहून मुख्य पेढी पुढचा हुकूम ठरवते.

या पेशींची जन्मकथाही विलक्षण आहे. गर्भावस्थेत त्या मेंदूत जन्मत नाहीत. त्या बाळाच्या नाकाच्या भागात तयार होतात आणि वास घेणाऱ्या नसांच्या आधाराने प्रवास करीत मेंदूत जातात. क्वचित एखाद्या बाळात हा प्रवास अपुरा राहतो. अशा मुलीला पुढे वयात येण्याची चिन्हे दिसत नाहीत आणि तिला वासही येत नाही. फ्रान्झ कॉलमन यांनी १९४४ मध्ये या विकाराचे वर्णन केले म्हणून त्यांचेच नाव त्याला मिळाले. हिंगाची फोडणी घरभर दरवळली तरी जिला कळत नाही आणि पंधरा वर्षे उलटूनही जिची पाळी सुरू झाली नाही, त्या मुलीच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींशी निगडित असू शकतात, हे आईने डॉक्टरांना अवश्य सांगावे.

शोध आणि स्पर्धा

मेंदू पीयूषिकेला रक्तावाटे रासायनिक निरोप धाडतो, ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आग्रहाने मांडली. परंतु तो निरोप कोणत्या द्रव्याचा आहे हे कोणालाच माहीत नव्हते. ते शोधण्यासाठी अमेरिकेत अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन या दोन शास्त्रज्ञांमध्ये अनेक वर्षे चुरस चालली. एके काळी एकाच प्रयोगशाळेत काम केलेले हे दोघे नंतर प्रतिस्पर्धी झाले. एकाने कत्तलखान्यांतून डुकरांच्या तर दुसऱ्याने मेंढ्यांच्या मेंदूचे लाखो तुकडे मिळवले, कारण त्यांतून हाती लागणारे द्रव्य अत्यल्प होते. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या वाचकाला हे वाचून क्लेश होतील. १९७१ मध्ये त्या द्रव्याची रचना उलगडली. ती केवळ दहा अमिनो आम्लांची साखळी निघाली. त्यामुळे ती रासायनिक पद्धतीने जुळवता येऊ लागली आणि आज हे औषध बनवण्यासाठी कोणत्याही प्राण्याच्या मेंदूची गरज उरलेली नाही.

१९७७ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार या दोघांना मिळाला. त्याच वर्षी त्या पुरस्काराचा अर्धा वाटा रोझलिन यॅलो या विदुषीकडे गेला. रक्तातील संप्रेरकांचे अतिसूक्ष्म प्रमाण मोजण्याची पद्धत विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आज गावोगावच्या प्रयोगशाळांतून संप्रेरकांचे जे अहवाल मिळतात, त्यांचा पाया त्या पद्धतीने घातला.

प्रमाणापेक्षा लय महत्त्वाची

द्रव्य सापडले, पण एक कोडे उरले. ते सतत टोचले तर अंडाशय अधिक जोमाने काम करेल अशी अपेक्षा होती. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडिणींवर प्रयोग केले आणि १९७८ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जीएनआरएच अखंड धारेने दिले तेव्हा पीयूषिकेचे काम चक्क थंडावले. तेच द्रव्य तासातून एकदा, थोडा वेळ, ठोक्यासारखे दिले तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. द्रव्य एकच होते. फरक होता तो लयीचा.

स्त्रीच्या शरीरात हेच घडते. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात मेंदूचा ठोका साधारण तास ते दीड तासाने पडतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर तो तीन-चार तासांवर जातो. ठोके जलद असताना पीयूषिका एलएचकडे झुकते, मंद असताना एफएसएचकडे. वयात येताना हे ठोके प्रथम रात्री झोपेत सुरू होतात आणि कालांतराने दिवसाही पडू लागतात.

या ज्ञानाचा उपयोग आज दोन्ही दिशांनी होतो. ज्या मुलीला आठ वर्षे पूर्ण होण्याआधीच वयात येण्याची चिन्हे दिसू लागतात, तिला या संप्रेरकाशी साधर्म्य असलेले दीर्घकाळ टिकणारे औषध देऊन ते चक्र काही वर्षे थांबवता येते. गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढून असह्य वेदना होणाऱ्या स्त्रियांनाही असे औषध दिले जाते. उलट ज्या स्त्रीच्या मेंदूतून ठोके पडतच नाहीत, तिला छोट्या पंपाच्या साहाय्याने ठरावीक वेळाने हे संप्रेरक देऊन मातृत्व मिळवून देण्याचा उपचार उपलब्ध आहे.

महिन्याचे गणित

चक्राच्या आरंभी एफएसएचच्या प्रेरणेने अंडाशयातील काही बीजपुटके वाढू लागतात. त्यांतून एक पुढे निघते आणि इस्ट्रोजेन बनवू लागते. सुरुवातीला हे इस्ट्रोजेन मेंदूला सांगते, 'माल पुरेसा आहे, नवी मागणी नको.' त्यामुळे एफएसएच उतरते आणि मागे पडलेली पुटके सुकून जातात. परंतु इस्ट्रोजेन बरेच वाढून सुमारे दोन दिवस उच्च पातळीवर टिकले, की त्याच निरोपाचा अर्थ उलटा होतो. आता मेंदूला ती स्त्रीबीज पक्व झाल्याची वर्दी ठरते. पीयूषिकेतून एलएचची मोठी लाट उसळते आणि ती सुरू झाल्यापासून साधारण छत्तीस तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते.

रिकाम्या झालेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो. तो प्रोजेस्टेरॉन तयार करून अस्तर टिकवून धरतो आणि मेंदूचा ठोका मंदावतो. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड विरतो, प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तर गळते आणि पाळी येते. मग मेंदूचे ठोके पुन्हा जलद होऊन नव्या महिन्याचे खाते उघडते.

प्रतिष्ठा महोत्सव, पारणे किंवा लग्नकार्यासाठी पाळी लांबवण्याच्या ज्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांत प्रोजेस्टेरॉनसारखे द्रव्य असते. गोळ्या चालू असेपर्यंत अस्तर टिकते आणि त्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत सहसा पाळी येते. रक्ताची गुठळी होण्याचा किंवा यकृताचा त्रास असणाऱ्या स्त्रियांना त्या धोकादायक ठरू शकतात. म्हणून दर सणाला औषधांच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याऐवजी डॉक्टरांना विचारूनच त्या घ्याव्यात.

शिल्लक कमी, हुकूम बंद

गर्भधारणा हा शरीराच्या दृष्टीने सर्वांत मोठ्या खर्चाचा व्यवहार आहे. शिल्लक नसताना असा खर्च अंगावर घेऊ नये, हे शहाणपण मेंदूत मुळातच आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक बनवतात. १९९४ मध्ये त्याचा शोध लागला. अंगावरची शिल्लक किती आहे हे ते मेंदूला कळवते. हायपोथॅलॅमसमधील किसपेप्टिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशींपर्यंत अशा अनेक नोंदी पोहोचतात आणि त्या पेशी जीएनआरएचचा ठोका चालवतात. या द्रव्याचे जनुक अमेरिकेतील हर्शी या गावी १९९६ मध्ये कर्करोगावरील संशोधनात सापडले. तेथील 'किसेस' या प्रसिद्ध चॉकलेटवरून त्याचे नाव पडले. प्रजननाशी त्याचा संबंध २००३ मध्ये उघड झाला.

ही शिल्लक किती लवकर मोजली जाते हेही त्याच वर्षी दिसून आले. अमेरिकेतील अ‍ॅन लाउक्स यांनी निरोगी, नियमित पाळी असलेल्या तरुणींचा आहार व व्यायाम पाच दिवस मोजून ठरवला. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराला उरणारी ऊर्जा, चरबी सोडून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३० कॅलरींच्या खाली गेली, तेव्हा एलएचचे ठोके विरळ झाले. यासाठी केवळ पाच दिवस पुरले.

आपल्या घरांतील चित्र पाहावे. सी.ए.च्या परीक्षेसाठी शहरात एकटी राहणारी मुलगी रात्री जागते, डब्यातील जेवण अर्धे टाकते. दुसरी लग्न ठरल्यावर वजन उतरवण्याच्या नादात दोन्ही वेळचे जेवण सोडून व्यायामशाळेत घाम गाळते. तिसरीने दीर्घ तप हाती घेतलेले असते. कारणे भिन्न आहेत आणि तपश्चर्येची तुलना कोणी वजन उतरवण्याच्या छंदाशी करणार नाही. तरीही मेंदूच्या खतावणीत हेतूचा रकाना नसतो, त्याला फक्त जमा आणि खर्च दिसतो. सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' हा शब्द आहे. आपल्या शक्तीनुसार तप करावे, असा त्याचा आशय. कोवळ्या वयातील किंवा कृश प्रकृतीच्या मुलीने मोठे तप घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी या शब्दाचे स्मरण ठेवावे, आणि तपानंतर पाळी लांबली तर ती गोष्ट लपवू नये.

कारण यात केवळ पाळीचाच प्रश्न नाही. मेंदूचा हुकूम दीर्घकाळ बंद राहिला की इस्ट्रोजेन घटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. तारुण्यात हाडांची जी पुंजी जमते तीच उतारवयात पुरवायची असते. पुरेसा आहार, वजन भरून निघणे, व्यायाम आवरणे आणि मनावरचा ताण हलका होणे, एवढ्यावरही पुष्कळ मुलींचे चक्र पुन्हा सुरू होते. अर्थात ताणामुळेच पाळी थांबली असे घरच्या घरी ठरवू नये. इतर कारणे डॉक्टरांनी तपासून बाजूला काढल्यावरच हे निदान होते.

अहवाल कसा वाचावा

ताळेबंद वाचता येणाऱ्या माणसाला संप्रेरकांच्या अहवालातील मुख्य सूत्र सहज समजेल. शाखा काम करेनाशी झाली तर मुख्य पेढी पत्रावर पत्र धाडते. म्हणजे अंडाशय थकला की एफएसएच वाढते. चाळिशीच्या आत असे झाले तर ती गंभीर बाब असते. एफएसएच आणि एलएच कमी, आणि इस्ट्रोजेनही कमी असेल, तर शाखा ठीक असून वरूनच हुकूम येत नाही असा अर्थ निघतो. तेथे अंडाशयाला किंवा त्या स्त्रीच्या 'पायगुणाला' बोल लावणे हे पत्र न पाठवता उत्तराची वाट पाहण्यासारखे आहे.

प्रोलॅक्टिन हे पीयूषिकेचेच आणखी एक संप्रेरक. बाळ अंगावर पीत असताना ते वाढते, आणि त्या काळात मेंदूचे ठोके मंदावल्याने पाळी लांबते. हे नैसर्गिक आहे. परंतु बाळ नसताना ते वाढले तरीही पाळी बंद होते, क्वचित स्तनांतून दूध येते. पीयूषिकेत बहुधा साधीच, कर्करोग नसलेली गाठ असली तर असे होते आणि ती अनेकदा केवळ गोळ्यांनी आटोक्यात येते. डोकेदुखी आणि बाजूचे दिसेनासे होणे ही मात्र तातडीने दाखवण्याची लक्षणे आहेत. उलटी व पोटफुगीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या डॉम्पेरिडोनसारख्या औषधांनीही प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून चालू असलेली सारी औषधे डॉक्टरांना सांगावीत. थायरॉईड मंद असला तरीही पाळी बिघडू शकते.

बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यास पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटून ती कायमची दुबळी होऊ शकते. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले. अशा मातेला दूधच येत नाही, पाळी परत येत नाही, थकवा सरत नाही. तिला आळशी ठरवणाऱ्या घराने तिची रक्ततपासणी करून घ्यावी, हे अधिक न्यायाचे होईल.

पन्नाशीच्या सुमारास पाळी थांबते तेव्हाही मेंदू हुकूम देणे थांबवत नाही. अंडाशय विश्रांती घेतो आणि एफएसएच चढे राहते. इस्ट्रोजेन उतरल्याने हायपोथॅलॅमसमधील किसपेप्टिनच्याच पेशी अतिसक्रिय होतात. शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र तेथून जवळच असते, म्हणून अचानक अंगाची आग होते, घाम फुटतो. सासूबाईंच्या चिडचिडीमागे कधी हेही कारण असते, हे सुनेनेही जाणावे.

या वयातील स्त्रियांच्या मूत्रात उतरणाऱ्या चढ्या संप्रेरकांनीच पुढे इतरांची ओटी भरली. रोममध्ये पिएरो दोनिनी यांनी १९४९ मध्ये अशा मूत्रातून ती संप्रेरके वेगळी काढली. नंतर औषधासाठी लागणारे मूत्र इटलीतील वृद्ध ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रमांतून गोळा केले गेले. ब्रुनो लुनेनफेल्ड यांच्या उपचारांनंतर १९६२ मध्ये इस्राएलमध्ये या औषधाचे पहिले अपत्य जन्मले. संसार त्यागलेल्या स्त्रियांकडून दुसऱ्यांच्या संसाराला हे असे दान मिळाले.

घराने काय करावे

नियमित असलेली पाळी तीन महिने चुकली, तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याची कोणतीच चिन्हे दिसली नाहीत किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू झाली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत प्रथम गर्भधारणेची चाचणी करावी. मूल होण्यास विलंब होत असेल तर पती-पत्नी दोघांची तपासणी एकाच वेळी व्हावी. एफएसएच आणि एलएच ही नावे स्त्रीच्या शरीरावरून पडली असली, तरी पुरुषाच्या मेंदूतूनही हाच हुकूम निघतो आणि त्याच्यावरच शुक्राणूंची निर्मिती अवलंबून असते. पुरुषाची प्राथमिक तपासणी तर सर्वांत सोपी आणि कमी खर्चाची आहे. तरीही ती बहुतेक घरांत सर्वांत शेवटी होते.

व्यापारात तोटा दिसला, तर कोणताही जाणता शेठ आधी वह्या तपासतो आणि मग मुनिमाला जाब विचारतो. घरातील लेकी-सुनांनाही निदान एवढा न्याय मिळावा.